शोकाची वही : मायलेकरांनी मिळून करावयाचा एक अभ्यास



आपल्या वस्तीत एखाद्या घरी मयत होते. समाज जमतो. त्रिसरण-पंचशील घेऊन अंत्यसंस्कार होतो. पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, बौद्धाचार्य चार शब्द बोलतात, पाहुणे एस.टी.ने आपापल्या गावी निघून जातात. मग घरात उरतात ती एक आई आणि तिची दोन लेकरे, किंवा एक बाप आणि त्याची लेक. त्या दिवसापासून पुढे काय करायचे हे त्यांना कोणी सांगत नाही. आजचा पाठ त्या घरासाठी आहे.

मी शाळामास्तर आहे. घरातले माणूस गेलेले मूल आठ-दहा दिवसांनी वर्गात परत येते तेव्हा ते कसे दिसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ते रडत नाही. ते पाटीकडे, फळ्याकडे, मास्तरांकडे पाहते. पण त्याचे लक्ष तिथे नसते. घरी विचारपूस केली की आई म्हणते, "गुरुजी, त्याच्यासमोर मी विषयच काढत नाही. उगाच रडंल." मुलाला जवळ घेऊन विचारले की ते म्हणते, "आईसमोर मी बाबांचं नाव काढत नाही. ती रडते." दोघेही एकमेकांच्या मायेपोटी गप्प असतात आणि त्या गप्प राहण्यातच दोघे एकटे पडतात.

जुने सोडले, त्या जागी काय ठेवले?

१९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. ती आपण घेतली आणि योग्यच केले. सावकाराचे कर्ज काढून तेरावे घालायचे, कावळा शिवला नाही म्हणून मेलेल्याच्या इच्छा शोधत बसायचे, विधवेच्या हातच्या बांगड्या फोडायच्या, हे सारे माणसाच्या दुःखावर दुसऱ्याने पोट भरणे होते. त्यातून आपण सुटलो.

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. त्या तेरा दिवसांत शोक करणाऱ्या माणसाच्या हाताला काही ना काही काम असे. ते काम खोट्या समजुतीवर उभे होते, पण काम होते. आपण समजूत टाकली तेव्हा ते कामही गेले. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबाला पहिल्या मयतीच्या वेळी हीच पोकळी जाणवते. मग एखादी म्हातारी आत्या म्हणते, "काहीच न करता कसं चालंल? निदान दहाव्याला नैवेद्य तरी ठेवा." घरातले लोक डळमळतात. ते श्रद्धेने डळमळत नाहीत. रिकाम्या हातांनी डळमळतात. म्हणून दुःखाच्या काळात आपल्या हाताला कोणते काम द्यावे, हा प्रश्न धम्माचाच प्रश्न आहे.

धम्म शोकाला काय म्हणतो?

पुष्कळांचा असा समज असतो की बौद्ध माणसाने रडू नये. सर्व अनित्य आहे असे म्हणावे आणि कामाला लागावे. हा समज चुकीचा आहे. तथागतांनी पहिले आर्यसत्य सांगताना दुःखात काय काय येते त्याची यादीच दिली आहे. त्यात जन्म, जरा, मरण यांच्याबरोबर शोक आहे, विलाप आहे, मनाची खिन्नता आहे, आणि प्रिय माणसाचा वियोगही आहे. ज्याला तथागतांनी सत्य म्हटले, ते लपवायचे कशासाठी?

महापरिनिब्बान सुत्तात असे सांगितले आहे की, कुसिनारा येथे तथागतांचा शेवट जवळ आला तेव्हा आनंद विहारात जाऊन दाराच्या चौकटीला टेकून रडू लागला. पंचवीस वर्षे सावलीसारखी सेवा केलेला तो भिक्खू. तथागतांनी त्याला बोलावून घेतले. अनित्यतेची आठवण दिली हे खरे. पण तेवढ्यावर न थांबता त्याने काया, वाचा, मनाने केलेल्या सेवेची सर्व भिक्खूंसमोर वाखाणणी केली. म्हणजे रडणाऱ्याला जवळ घेणे, आणि त्याने त्या माणसासाठी काय केले हे शब्दांत सांगणे, या दोन्ही गोष्टी तथागतांनी स्वतः करून दाखविल्या.

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे बाणाचे टोक. माणसाला एक बाण लागतो आणि लगेच दुसरा लागतो, असा त्यातला दृष्टांत आहे. पहिला बाण म्हणजे अंगावर आलेले दुःख. तो ज्ञानी माणसालाही चुकत नाही. दुसरा बाण म्हणजे त्या दुःखाभोवती आपले मन जे रचत जाते ते. ज्याने मन पाहायला शिकले त्याला दुसरा बाण लागत नाही. वाचकहो, हे दोन बाण ध्यानात ठेवा. मृत्यू हा पहिला बाण आहे. "माझ्यामुळेच झाले," "मी त्या दिवशी असे बोलायला नको होते," "आता कोणाजवळ बोलायची सोय नाही," हा दुसरा बाण आहे. या पाठात सांगितलेला उपाय दुसऱ्या बाणासाठी आहे. पहिल्यासाठी उपाय नाही, आणि असल्याचे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्या थोर माता

किसा गोतमीची गोष्ट आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे तथागतांनी सांगितले. या गोष्टीचा अर्थ आपण एवढाच घेतो की मरण सर्वांना आहे. पण तिने त्या दिवशी काय केले ते पाहा. ती दारोदार गेली. प्रत्येक दारात तिने आपले सांगितले आणि त्या घरचे ऐकले. कोणाचा बाप, कोणाची सून, कोणाचे तान्हे. संध्याकाळपर्यंत तिचे दुःख शब्दांत येऊन गेले होते. मग तिने आपल्या हाताने मूल स्मशानात ठेवले. तथागतांनी तिच्या कडेवरून ते ओढून घेतले नाही.

थेरीगाथेत त्र्याहत्तर प्रकरणांतून भिक्खुणींचे उद्गार आहेत. किसा गोतमीचे आहेत. पती, दोन मुले, आईबाप आणि भाऊ एकदमच गमावून वेडी झालेल्या पटाचारेचे आहेत. जीवा नावाच्या मुलीसाठी स्मशानात रोज रडणाऱ्या उब्बिरीचे आहेत. उब्बिरीला तथागतांनी विचारले की, जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली याच स्मशानात जळाल्या, त्यांतल्या कोणत्या जीवेसाठी तू रडतेस? त्या प्रश्नाने तिच्या काळजातला बाण निघाला. पुढे पटाचारेने तर मुले गमावलेल्या कितीतरी मातांना धीर दिला. थेरीगाथेत अशा पाचशे मातांचा उल्लेख येतो.

या स्त्रियांनी आपले दुःख आपल्या तोंडाने सांगितले. संघाने ते पाठ करून पिढ्यान्‌पिढ्या जपले, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, इतर तिपिटकाबरोबर ते लिहून काढले गेले. आईचा शोक हा धम्माच्या ग्रंथात ठेवण्याजोगा मजकूर आहे, असे आपल्या परंपरेने मानले. मग तो आपल्या घरातल्या दोन रुळाच्या वहीत ठेवायला आपण का लाजावे?

बाबासाहेबांचे पत्र

जुलै १९२६ मध्ये बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न वारला. त्याआधी रमेश, गंगाधर आणि इंदू ही अपत्ये गेली होती. पुढच्याच महिन्यात त्यांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. त्या पत्रात बाबासाहेबांनी काहीही झाकलेले नाही. आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो नाही, चार मुलांना मूठमाती दिली, आयुष्य उजाड झाले, असा त्या पत्राचा आशय आहे. जगातले मोठमोठे ग्रंथ वाचलेला हा महामानव मित्राला पत्र लिहिताना फक्त एक बाप होता.

त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. पत्रामुळे हे झाले असे मी म्हणत नाही. पण दुःख लिहिणारा माणूस दुबळा होतो, ही समजूत मनात असेल तर ती या तारखांनी काढून टाकावी. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकारणावरचा ग्रंथ निघाला, तो बाबासाहेबांनी रमाईच्या स्मृतीस अर्पण केला. पाच वर्षांनीही त्यांना ते लिहावेसे वाटले.

ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही, त्या समाजाच्या घरात आज वही आहे, पेन आहे आणि लिहिणारे लेकरू आहे. ते केवळ परीक्षेसाठीच वापरावे काय?

माझ्या घरची वही

येथे मला माझ्या घरचे सांगितले पाहिजे. ऐकीव उपदेश मी करीत नाही, एवढे कळावे म्हणूनच सांगतो.

मी सहावीत असताना माझे वडील गेले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाजार समितीत ते हमाल होते. कावीळ झाली, ती पोटात उतरली, दीड महिन्यात सर्व संपले. माय शेतमजुरीला जाई. तिला अक्षरओळख नव्हती, आजही नाही.

त्यानंतर सात-आठ महिने आमच्या घरात आबांचे नाव कोणी घेतले नाही. मी रात्री दचकून उठत असे. माय चुलीपुढे बसून राही, भाकरी करपली तरी तिला कळत नसे. एके दिवशी गुरुजींनी निबंध दिला, 'माझे वडील'. सगळ्या वर्गाला दिला होता, त्यांचा दोष नाही. संध्याकाळी मी कोरे पान पुढे घेऊन बसलो.

मायने विचारले, "काय लिवायलास?"

"आबावर निबंध आहे. मला येत नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला येतंय. म्या सांगते, तू लिव. तुझा आबा भाकरीचा पापुडा आधी काढायचा आन् तुझ्या ताटात टाकायचा. लिवलं का?"

मी लिहिले. तो निबंध शाळेत दिला की नाही ते मला आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायच म्हणाली, "वही काढ." गेल्या वर्षीच्या गणिताच्या वहीची मागची पाने कोरी होती. त्यावर आम्ही लिहू लागलो. आबा पोते उचलताना कोणत्या खांद्यावर घ्यायचे. चौदा एप्रिलला निळा फेटा कसा बांधायचे. लग्नात त्यांनी मायला कोणत्या रंगाचे लुगडे आणले होते. दिवसाला अर्धे पान, कधी चारच ओळी. माय सांगताना रडे, पण सांगायची थांबत नसे. मी चूक केली की ती म्हणे, "आसं नव्हतं, नीट लिव."

मला एक गोष्ट मात्र तिला सांगता येत नव्हती. आबा गेले त्या संध्याकाळी मायने मला औषध आणायला पाठविले होते. वाटेत पानटपरीवर टीव्हीवर क्रिकेटचा सामना लागला होता. मी तिथे थांबलो. परत आलो तेव्हा दारात माणसे जमली होती. औषधाची पुडी माझ्या मुठीत तशीच होती. माझ्यामुळे आबा गेले असे मी धरून बसलो होतो.

एका संध्याकाळी माय भांडी घासत असताना मी ते सर्व वहीत लिहिले. तिला वाचता येत नाही, म्हणून मला भीती वाटली नाही. पण तिने पाहिले. म्हणाली, "आज म्या तर काहीच सांगितलं न्हाई. तू येवढं काय लिवलंस? वाच."

मी वाचले. मायच्या हातातले ताट हातातच राहिले. मग ती म्हणाली, "लेकरा, ते औषध झोप लागायचं व्हतं. डाक्टरनं सकाळीच सांगितलं व्हतं, आता घरी न्या म्हणून. तुला आम्ही कळू दिलं न्हाई." थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली, "म्या तुला मुद्दाम धाडलं व्हतं. तू समोर नसावंस म्हणून. मग मला रोज वाटायचं, लेकराला बापाचं शेवटचं तोंड म्या बघू दिलं न्हाई."

म्हणजे त्या एका संध्याकाळचा दोष आम्ही दोघेही आपापल्या ठिकाणी वाहत होतो, एकाच खोलीत, एकाच गोधडीखाली. मी समजत होतो, मी उशीर केला. ती समजत होती, तिने मला दूर केले. दोन्ही गोष्टी वहीवर आल्या तेव्हा दोन्ही खऱ्या नाहीत हे दिसले. आबा गेले हा पहिला बाण होता. तो तसाच राहिला, आजही आहे. आठ महिने रुतलेला दुसरा बाण मात्र त्या रात्री हलला. माझे दचकून उठणे हळूहळू थांबले. माय पुन्हा शेजारणींशी बोलू लागली.

दुसऱ्यांच्या घरचे दाखले

आई आणि मूल यांनी मिळून गेलेल्या माणसाविषयी लिहिल्याचा एक दाखला मराठीत प्रसिद्ध आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या धर्मांतराने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे त्यांनीही विचारपूर्वक तोच मार्ग घेतला. टिळक १९१९ साली वारले. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी लिहावयास सांगितले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. तरी त्या लिहीत गेल्या, आणि मुलाच्या लक्षात आले की आईच्या आठवणी हाच स्वतंत्र ग्रंथ आहे. तो 'स्मृतिचित्रे' या नावाने १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने निघाला. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. राहिलेले काम मुलाने पुरे केले. त्यांचा धर्म वेगळा, जात वेगळी. पण धर्मांतराने नातेवाईक तुटलेल्या घरात आई आणि मुलगा वहीभोवती बसले, हे आपल्याला ओळखीचे वाटेल.

आपल्या घरचा दाखला उर्मिला पवार यांच्या 'आयदान' या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचा आहे. त्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. वडील लहानपणी गेले. आई बांबूची आयदाने, म्हणजे सुपे-टोपल्या, विणून मुलांना वाढवीत राहिली. पुढे लेखिकेवरही तरुण मुलगा गमावण्याची वेळ आली. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, दोन्हींत दुःखाचा धागा आहे, असे त्या मानतात. ज्या आईला लिहिता येत नाही तिने आपले दुःख हाताने विणले; लेकीने ते अक्षरात आणले.

विद्वानांनी काय पाहिले?

बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घेण्याची सवय लावली आहे, म्हणून हेही पाहू. १९८६ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी लागोपाठ ४ दिवस, रोज १५ मिनिटे लिहायचे होते. काहींनी किरकोळ विषयावर लिहिले, काहींनी आयुष्यातील आघातावर. ज्यांनी घडलेली गोष्ट आणि त्या वेळची भावना दोन्ही लिहिल्या, ते लिहिण्याच्या दिवसांत अधिक उदास झाले. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांना दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. नंतर असे शंभराहून अधिक प्रयोग झाले. सर्व मिळून पाहता फायदा दिसतो, पण तो लहान आहे. आणि नुकतेच माणूस गमावलेल्यांवर एकट्याने लिहिण्याचा उपयोग सर्वच अभ्यासांत दिसलेला नाही. म्हणून वही ही जादू नव्हे.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्याच बोस्टन परिसरातील १२५ मुलांचा आहे. या मुलांची आई किंवा वडील वारले होते. फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डेन यांनी दोन वर्षे त्यांच्या भेटी घेतल्या. त्यांना दिसले की मूल गेलेल्या माणसाला विसरून बरे होत नाही. आठवणी, वस्तू आणि बोलणे यांतून त्याच्याशी नाते ठेवूनच ते सावरते. आणि मागे राहिलेली आई किंवा बाप कसा वागतो, यावर मुलाचे सावरणे पुष्कळ अवलंबून असते. म्हणून या पाठात मी एकट्याने लिहा असे म्हणत नाही. मिळून लिहा असे म्हणतो.

वही कशी लिहावी?

१. घाई करू नये. पहिले काही आठवडे रडण्याचे, झोपेचे आणि शेजाऱ्यांच्या हातचे दोन घास खाण्याचे असतात. मूल किंवा आई तयार झाली की मगच वही काढावी. कोणी नको म्हटले तर आग्रह करू नये.

२. लिहिण्यापूर्वी दोघांनी पाच मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. मग पंधरा-वीस मिनिटे लिहावे. त्याहून अधिक नको. नंतर चहा करावा, जेवावे, दार उघडून बाहेर बसावे.

३. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे, येत नाही त्याने सांगावे. दोघांनाही येत असेल तर एकेक दिवस वाटून घ्यावा. लहान मुलाने चित्र काढले तरी ते लिहिणेच आहे.

४. मोठे विचार लिहू नयेत. एक प्रसंग लिहावा. काय खाल्ले, काय बोलले, कोणता सदरा होता. "ते फार चांगले होते" यापेक्षा "ते चहा बशीत ओतून प्यायचे" हे लिहावे. राग येत असेल तर राग लिहावा. गेलेला माणूस दारू पीत असेल, मारीत असेल, तर तेही लिहावे. धम्मात खोटे बोलण्याला जागा नाही, मेलेल्याविषयीसुद्धा.

५. सतिपट्ठानात वेदनेला वेदना म्हणून जाणायला सांगितले आहे. तेच येथे करावे. "आज मला भीती वाटते," "आज मला काहीच वाटत नाही," असे सरळ नाव द्यावे.

६. जे बोलायचे राहून गेले ते गेलेल्या माणसाला पत्र म्हणून लिहावे. ते पत्र त्याला पोहोचणार नाही हे मुलाला स्पष्ट सांगावे. ते आपण आपल्यासाठी लिहितो.

७. मुलाचे लिहिलेले त्याच्या परवानगीशिवाय वाचू नये, पाहुण्यांना दाखवू नये. शुद्धलेखन तपासू नये. हे मी शिक्षक असून सांगतो.

८. मूल वाचून दाखवील तेव्हा मध्ये बोलू नये. पूर्ण ऐकावे. मग जे खरे आहे ते सांगावे. मुले स्वतःला दोष देतात. तो दोष त्यांचा नाही हे त्यांना शब्दांत ऐकावे लागते.

दोन इशारे

पहिला इशारा. वहीचा देव करू नका. तिला हार घालू नका, तिच्यापुढे अगरबत्ती लावू नका, अमुक दिवसांनी ती नदीत सोडा असा नियम काढू नका. जुने कर्मकांड टाकून नवे आणू नये. लिहावेसे वाटेनासे झाले की वही पेटीत ठेवावी. ते काम पूर्ण झाल्याचे लक्षण असू शकते.

दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा आहे. मूल किंवा मोठे माणूस अनेक आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, शाळा-काम सोडून बसले असेल, किंवा "मलाही जायचे आहे" असे बोलत असेल, तर वही पुरेशी नाही. त्याला एकटे सोडू नये. विलंब न लावता डॉक्टरकडे न्यावे. भारत सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. तथागतांनी स्वतः आजारी भिक्खूची शुश्रूषा केली आहे.

समारोप

परवा सुटीत गावी गेलो होतो. मायने पेटीतून ती गणिताची वही काढली. मागच्या पानांवर माझे सहावीतले वाकडे अक्षर, पुढच्या पानांवर अपूर्णांकांची उदाहरणे. ती म्हणाली, "वाच जरा." मी चार पाने वाचली. एका ठिकाणी ती म्हणाली, "ते चूक लिवलंस. फेटा निळा न्हवता त्या वर्षी, पांढरा व्हता." मी पेन काढून दुरुस्त केले.

वाचकहो, आपल्या शेजारच्या घरी या वर्षी मयत झाली असेल. पुण्यानुमोदनाला जाल तेव्हा एक कोरी वही आणि एक पेन घेऊन जा. ते मुलाच्या हातात द्या. आणि महिनाभराने पुन्हा एकदा त्या घरी जा.

मननासाठी प्रश्न

१. सल्ल सुत्तातील दोन बाण कोणते? आपल्या घरच्या एखाद्या दुःखात दुसरा बाण कोणता होता?

२. तथागतांनी आनंदाचे सांत्वन कसे केले? त्यातून आपण सांत्वनाला जाताना काय शिकावे?

३. सहाव्या प्रतिज्ञेने आपण काय सोडले? त्या जागी आपल्या कुटुंबाने काय ठेवले आहे?

४. आपल्या घरात कोणाचे नाव घेणे टाळले जाते? का? आज संध्याकाळी त्या माणसाविषयी एक खरी ओळ लिहा.

भवतु सब्ब मंगलम्.